सायकलस्वार बोलला त्या जागी

शीर्षकापाशीच अडायला झाले. 'रायडर स्पोक' हे दोन शब्दांचे इंग्रजी नाव मराठीत आणायला घेतले तेव्हा वाटले होते, दोन मिनिटांचे काम आहे. रायडर म्हणजे स्वार, स्पोक म्हणजे बोलला, स्वार बोलला. पण इंग्रजीत स्पोक म्हणजे सायकलच्या चाकाची तारसुद्धा. नाव एकदा वाचले की वाक्य दिसते, दुसऱ्यांदा वाचले की चाक दिसते. मराठीत बैलगाडीच्या चाकाला आरे असतात, सायकलच्या चाकाला तारा. आणि तार म्हटले की माझ्या वयापर्यंतच्या माणसाला दारात उभा राहिलेला तारवाला आठवतो, तोही बहुधा सायकलवरच आलेला. म्हणजे चाक आपल्याकडे आहे, निरोपही आहे. नाही ते क्रियापद. तार बोलत नाही, तार येते. जुलै २०१३ मध्ये भारतातली तारसेवा बंद झाली, तेव्हापासून तीही येत नाही.

ज्या कलाकृतीचे हे नाव आहे तिच्याविषयीच्या एका लेखाचे भाषांतर मी करत होते. लेख संपला, पण कलाकृती डोक्यातून गेली नाही. मी ती प्रत्यक्ष अनुभवलेली नाही. आता अनुभवायची म्हटली तरी तिच्या मूळ रूपात ती अनुभवता येणार नाही, आणि ते का, हेच मला सांगायचे आहे. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल.

ऑक्टोबर २००७ मध्ये लंडनच्या बार्बिकन या कलाकेंद्रात 'ब्लास्ट थिअरी' या कलावंतगटाने 'रायडर स्पोक' पहिल्यांदा सादर केली. सादर केली म्हणावे तर रंगमंच नव्हता, नट नव्हते, आणि प्रेक्षक ज्याला म्हणतो तसा प्रेक्षकही नव्हता. अंधार पडल्यावर तिथे जायचे, स्वतःची सायकल घेऊन किंवा तिथली उसनी घेऊन. हँडलवर नोकियाचे एन८०० नावाचे हातभर नव्हे, तळहाताएवढे यंत्र बसवलेले. कानात इअरफोन. मग एकट्याने शहरात निघायचे, साधारण तासाभरासाठी. कानात एका बाईचा आवाज. गटाच्या प्रमुखांपैकी एक असलेल्या जू रो फार यांचा. हा आवाज हुकूम सोडत नाही, घाईही करत नाही. तो आधी नुसता शहरात फिरायला सांगतो. मग एखादी आवडेल अशी जागा शोधून थांबायला सांगतो, स्वतःसाठी एक नाव घ्यायला आणि स्वतःचे वर्णन करायला सांगतो. पुढे प्रश्न येत राहतात. वडिलांविषयी सांगा, असे सांगितले जाते. एखाद्या खिडकीकडे बघून आतल्या आयुष्याविषयी बोलायला सांगितले जाते. शेवटाकडे एक वचन मागितले जाते. दर वेळी स्वाराने एक जागा शोधायची, सायकल थांबवायची, आणि अंधारात हँडलवरच्या यंत्राशी बोलायचे. ते बोलणे ध्वनिमुद्रित होते आणि त्या जागेशी बांधले जाते.

दुसरे काम शोधण्याचे. आधी कुणी कुठे काही बोलून गेले असेल तर ते ऐकता येते, पण ती जागा सापडली तरच, आणि तिथे उभे राहिल्यावरच. घरी बसून नाही, बार्बिकनमध्ये बसून नाही. यंत्राच्या छोट्या पडद्यावर चिमण्यांसारखे पक्षी, खरे तर पाकोळ्या, फडफडताना दिसल्या की समजायचे, इथे लपता येईल. बुटकी तयार घरे दिसली की समजायचे, इथे आधी कुणीतरी लपून गेले आहे. या चित्रांची शैली मेक्सिकोतल्या नवसाच्या चित्रांवरून, खलाशांच्या अंगावरच्या गोंदणांवरून आणि युरोपातल्या घराण्यांच्या मानचिन्हांवरून घेतलेली होती. नवस, गोंदण आणि कुळाचे चिन्ह, तिन्ही गोष्टी माणूस एकदा बोलून किंवा काढून मोकळा होतो आणि मग जन्मभर बाळगतो. ही निवड मला फार नेमकी वाटते.

म्हणजे हा लपंडावच. फक्त राज्य कुणावरच नाही. लपलेला माणूस केव्हाच उठून घरी गेलेला असतो. सापडतो तो त्याचा आवाज.

'ब्लास्ट थिअरी' हा गट १९९१ पासूनचा, ब्रायटनचा. मॅट ॲडम्स, जू रो फार आणि निक टंडवनिज ही त्याची तीन प्रमुख नावे. नाटक, खेळ, शहर आणि यंत्र यांच्या सरहद्दीवर ही मंडळी काम करत आली आहेत, आणि त्यांच्या कामात एक सूत्र सतत दिसते: अनोळखी माणसाच्या हाती स्वतःला किती द्यायचे? १९९८ च्या 'किडनॅप'मध्ये हा प्रश्न अगदी उघड होता. लोकांनी स्वतःहून नावे नोंदवली, त्यांतून दोघांना निवडून खरोखर पळवून नेण्यात आले आणि दोन दिवस एका गुप्त जागी ठेवण्यात आले. कोंडलेल्या त्या दोघांना इंटरनेटवरून कुणीही पाहू शकत होते. हे काम मला आजही जरा बटबटीत वाटते. प्रश्न खरा होता, पण तो दार ठोठावून विचारलेला होता.

याच काळात त्यांचे नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या मिक्स्ड रिॲलिटी लॅबशी नाते जुळले. कलावंत आणि संगणकशास्त्रज्ञ यांची अशी मैत्री बहुधा एका प्रकल्पापुरती टिकते. ही वर्षानुवर्षे टिकली. पहिले मोठे फळ १९९९ चे 'डेझर्ट रेन', आखाती युद्धावरचे. त्याविषयी वेगळे लिहायला हवे, इथे नको.

मग एक गोष्ट घडली, कलेच्या बाहेर. अमेरिकी लष्कराच्या जीपीएस उपग्रहांचे संकेत सामान्य माणसाला मुद्दाम बिघडवून दिले जात. त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जाई. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयाने हा बिघाड काढून टाकला गेला. एका रात्रीत जगातल्या प्रत्येक जीपीएस यंत्राला आपण कोणत्या रस्त्यावर आहोत हे कळू लागले. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एका माणसाने रानात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकून लोकांना शोधायला लावले. जिओकॅशिंग नावाचा खेळ तिथून निघाला. लष्कराचे यंत्र लोकांच्या हाती आले आणि लोकांनी सर्वांत आधी काय केले, तर लपंडाव.

'ब्लास्ट थिअरी'ने २००१ च्या अखेरीस शेफिल्ड शहरात 'कॅन यू सी मी नाऊ?' केले. गटातले धावपटू हातात छोटा संगणक आणि जीपीएस घेऊन खऱ्या रस्त्यांवर पळत; इंटरनेटवरचे खेळाडू त्याच शहराच्या संगणकीय नकाशावर पळत. धावपटू खेळाडूच्या पाच मीटर जवळ पोचला की खेळाडू बाद. इथपर्यंत हा साधा पकडापकडीचा खेळ. पण खेळात शिरताना प्रत्येकाला एक प्रश्न विचारला जाई: खूप दिवसांत भेटला नाहीत, तरी ज्याची आठवण येते असे कुणी आहे का? त्याचे नाव द्यायचे. आणि धावपटूने पकडले की तो ते नाव मोठ्याने उच्चारी, आणि जिथे 'पकडले' त्या जागेचा फोटो काढी. फोटोत अर्थातच कुणी नसे. फरसबंदी, पार्किंगचा कोपरा, भिंत. मला हे फोटो त्या सबंध दशकातल्या युरोपीय कलेतले सर्वांत हळवे फोटो वाटतात. धापा टाकणाऱ्या माणसाने रिकाम्या रस्त्यावर अनोळखी नाव घेतले आणि रिकाम्या जागेचे चित्र काढले, एवढेच ते. या कामाला २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरातल्या 'आर्स इलेक्ट्रॉनिका' या संस्थेचा मानाचा 'गोल्डन निका' पुरस्कार मिळाला.

या खेळाचा एक तांत्रिक धडा पुढे कामी आला. उंच इमारतींच्या आडोशाला जीपीएस चुकते. संशोधकांच्या नोंदींत दिसते की धावपटू हळूहळू या चुका ओळखायला शिकले आणि त्यांचा डावपेच म्हणून वापर करू लागले. कुठल्या गल्लीत यंत्र आंधळे होते हे माहीत असले की तिथे दबा धरता येतो. यंत्राची चूक ही शहराची एक नवी सावली झाली.

२००३ चे 'अंकल रॉय ऑल अराउंड यू' लंडनमध्ये झाले. रस्त्यावरच्या खेळाडूने आपली पिशवी, पाकीट, फोन सगळे काढून द्यायचे आणि बदल्यात एक छोटा संगणक घ्यायचा. साठ मिनिटांत रॉयकाकांना शोधायचे. काका भेटत नाहीत. भेटते एक रिकामे ऑफिस, तिथे एक पोस्टकार्ड, आणि त्यावर प्रश्न असा की अनोळखी माणसावर विश्वास कधीपासून ठेवता येतो. मग बाहेर उभ्या गाडीत बसायचे, शेजारी एक अपरिचित माणूस. तो विचारतो: पुढचे वर्षभर एखाद्या अनोळखी व्यक्तीवर संकट आले तर तिच्यासाठी तुम्ही उपलब्ध राहाल का? हो म्हणणाऱ्यांची खरोखर जोडी लावली जाई. 'किडनॅप'मधला प्रश्न पाच वर्षांत इतका मवाळ झाला होता, आणि इतका अवघड.

ही सगळी कामे पायी चालणाऱ्यांची किंवा पळणाऱ्यांची. शहरभटकीचा जो वारसा आम्हाला तौलनिक साहित्याच्या वर्गात शिकवला गेला तोही पायीच होता. बोदलेअर, त्याच्यावर लिहिणारा वॉल्टर बेन्यामिन, १९५० च्या दशकात पॅरिसमध्ये मुद्दाम दिशाहीन फिरण्याचा सिद्धांत मांडणारा गी दबोर. कानातल्या आवाजाच्या बाबतीतही तेच. कॅनडाच्या जॅनेट कार्डिफ यांनी १९९१ पासून ध्वनिफिती कानाला लावून चालायच्या कलाकृती केल्या. लंडनमधली १९९९ ची त्यांची 'द मिसिंग व्हॉइस' व्हाइटचॅपलच्या वाचनालयातून सुरू होई. कार्डिफ यांचा आवाज तुम्हाला सांगतो, इथे वळा, हे बघा, ती बाई मागे येते आहे. तो आवाज सुंदर आहे, पण तो तुम्हाला बोलू देत नाही. 'रायडर स्पोक'मधला आवाज प्रश्न विचारून गप्प होतो. हा फरक छोटा नाही. तिथे आपण दुसऱ्याच्या कादंबरीत चालतो. इथे कोरे पान समोर ठेवून कुणीतरी निघून जाते.

मग सायकल का? नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी सायकलस्वाराच्या दृष्टीने बराच विचार केला आहे. सायकलवर हात गुंतलेले, डोळे रस्त्यावर, कान रहदारीकडे. पडद्याकडे बघत सायकल चालवणे म्हणजे अपघाताला निमंत्रण. म्हणून ज्या गोष्टी पडद्यावर करायच्या त्या थांबल्यावरच. चालणाऱ्या माणसाचे थांबणे लक्षात येत नाही, तो सारखाच थांबत असतो. सायकलस्वार थांबला की एक पाय जमिनीला टेकतो, अंगातली गती संपते, श्वास कानात वाजायला लागतो. त्या क्षणी प्रश्न येतो. चालत गेलेल्या माणसापेक्षा तो माणूस थोडा वेगळा असतो. त्याने घाम गाळून शांतता मिळवलेली असते.

माझ्यापाशी याचा आणखी एक पुरावा आहे, तो कुठल्या शोधनिबंधातला नाही. बडोद्यात आमच्या घरी एक काळी चोवीस इंची सायकल होती. बाबा घरात फार बोलत नसत. जेवताना नाही, अंगणात खुर्ची टाकून बसल्यावर नाही. पण मला मागे कॅरिअरवर बसवून रात्री आत्याकडून परत येताना ते बोलत. आजोबांनी त्यांना एकदा मारले होते ते, पहिली नोकरी का सोडली ते, आई लग्नाआधी कशी हसायची ते. सगळे समोर बघत, पाठ माझ्याकडे करून. डायनॅमोचा घरघराट मध्ये मध्ये शब्द खाऊन टाकी आणि मी पुन्हा विचारत नसे, कारण विचारले की ते गप्प होतील हे मला कळलेले होते. घराच्या कोपऱ्यावर वळलो की गोष्ट तिथेच थांबे. आत येऊन तिचा दुसरा भाग कधी झाला नाही. पुढे सायकल पडवीत उभी राहिली, मागच्या चाकाच्या चार तारा तुटल्या, आउट काढून आणायचे राहून गेले. बाबांकडे सायकल नसल्यावर काय बोलायचे हे मला कधी समजले नाही, आणि त्यांनाही नसावे.

म्हणून स्वाराला वडिलांविषयी बोलायला सांगितले जाते हे वाचले तेव्हा मला ती एखाद्या चलाख कलावंताची युक्ती वाटली नाही. अंधार, चाक, आणि समोर कुणाचा चेहरा नाही. या तीन गोष्टी जमल्या की माणसे खरे बोलतात, हे त्या गटाला कुठूनतरी माहीत होते.

आता त्या यंत्राविषयी, कारण सगळा खेळ तिथे आहे. एन८०० त्याच वर्षी जानेवारीत बाजारात आले होते. तो फोन नव्हता, त्यात सिमकार्ड नव्हते, आणि जीपीएसही नव्हते. ब्रिटनमध्ये आयफोन विकायला आला तोच मुळी बार्बिकनच्या प्रयोगांनंतरच्या महिन्यात. मग यंत्राला आपण कुठे आहोत ते कळायचे कसे? वायफायवरून. आणि हे वायफाय कलावंतांनी बसवलेले नव्हते. लंडनमधल्या दुकानांत, घरांत, ऑफिसांत लोकांनी आपापल्या सोयीसाठी बसवलेले राउटर आपापली नावे हवेत सतत पुकारत असतात. त्यांना जोडून घ्यायची गरज नाही, नुसते ऐकायचे. या कोपऱ्यावर अमुक तीन राउटर ऐकू येतात, पलीकडच्या गल्लीत दुसरे पाच. जे ऐकू येते त्या यादीचा एक ठसा तयार होतो, बोटाच्या ठशासारखा, आणि तोच त्या जागेचा पत्ता. ठसा नवा असेल तर इथे अजून कुणी लपलेले नाही. ठसा आधी नोंदलेला असेल तर इथे कुणीतरी बोलून गेले आहे.

याला नकाशा लागत नाही. लंडनचा एकही रस्ता यंत्राला नावाने माहीत नव्हता. त्याला माहीत होते ते एवढेच, की या जागी हवा अशी ऐकू येते. जागेचा पत्ता तिथे राहणाऱ्यांच्या नकळत त्यांच्याच घरांतून येत होता. वरच्या मजल्यावर कुणी झोपी गेले असेल, त्याच्या कपाटावरचा राउटर लुकलुकत असेल, आणि खाली फुटपाथवर कुणी एक अनोळखी माणूस आपल्या वडिलांविषयी बोलत असेल, त्या राउटरच्या आधाराने.

हीच युक्ती पुढे कुठे गेली ते आपल्याला माहीत आहे. जानेवारी २००८ मध्ये आयफोनला वायफाय आणि मोबाइलच्या मनोऱ्यांवरून जागा ओळखता येऊ लागली. मे २०१० मध्ये गूगलने जाहीर कबुली दिली की रस्त्यांची छायाचित्रे घेत फिरणाऱ्या त्यांच्या गाड्यांनी लोकांच्या उघड्या वायफायवरून जाणारा मजकूरही गोळा केला होता. राउटरांची नावे तर त्या गोळा करतच होत्या. २०१६ च्या उन्हाळ्यात 'पोकेमॉन गो' आले आणि फोन समोर धरून बागेत फिरणारी माणसे जगभर दिसू लागली. तंत्र म्हणून या सगळ्यांचे गोत्र एकच. फरक असा की 'रायडर स्पोक'मध्ये यंत्राला जागा कळत होती ती स्वाराचे बोलणे तिथेच ठेवून देण्यासाठी. नंतरच्या यंत्रांना जागा कळते ती आपले तिथले असणे दुसरीकडे पाठवण्यासाठी. २००७ साली हा रस्ता दोन्हीकडे जाऊ शकत होता. तो कुठे गेला हे आपल्या खिशात आहे.

एका ठिकाणी मात्र मला या कलाकृतीशी भांडायचे आहे. आवाज सांगतो, लपायला जागा शोधा. मी बाई आहे. रात्री अनोळखी शहरात, कानात इअरफोन घालून, अंधाऱ्या कोपऱ्यात थांबून मोठ्याने बोलायचे, हे वाचताना माझे पहिले लक्ष त्या कोपऱ्याकडे जाते. प्रश्नाकडे नंतर. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या २०११ च्या 'व्हाय लॉयटर?' या मुंबईवरच्या पुस्तकाने हा मुद्दा मांडून ठेवला आहे: बाईला शहरात कामाशिवाय, उगाच, रेंगाळण्याचा हक्क नसतो, तिला सतत कुठेतरी जात असल्याचे दाखवावे लागते. सायकल ही त्यासाठी बरी सोय आहे, कारण सायकलवरची बाई नेहमीच कुठेतरी जात असते. 'रायडर स्पोक' नेमकी ती ढाल काढून घेते. थांब, म्हणते. लंडनमधल्या बायांनाही ते सोपे गेले असेल असे मी मानत नाही. जागेची निवड स्वाराच्या हाती होती, हे खरे. उजेडातली जागाही तिला निवडता येत होती. पण मग तिचे बोलणेही उजेडातले झाले असेल. कोण कुठे बोलू शकले आणि कोण बोलू शकले नाही, हा या कलाकृतीचा न मुद्रित झालेला भाग आहे.

बार्बिकननंतर 'रायडर स्पोक' बऱ्याच शहरांत गेली: अथेन्स, ब्रायटन, बुडापेस्ट, सिडनी, ॲडलेड. प्रत्येक शहरात ती पहिल्यापासून सुरू होई. लंडनचे बोलणे अथेन्समध्ये ऐकू येणार नव्हते, कारण लंडनचा ठसा अथेन्सच्या हवेत नाही. भाषांतर करणाऱ्या माणसाला हे वाचून आधी हेवा वाटतो. शब्द जिथे उच्चारला गेला तिथून हलणारच नाही, अशी ही एकच जागा मला माहीत आहे. आमचा सगळा धंदा त्याच्या उलट: बोलणे त्याच्या जागेवरून उचलायचे आणि दुसऱ्या जागी रुजेल अशी आशा करायची. पण विचार केल्यावर हेवा ओसरतो. ज्याला जागा सोडता येत नाही ते बोलणे किती दिवस जगणार?

हा प्रश्न संशोधकांनाही पडला. २००९ मध्ये 'रायडर स्पोक' लिंझला 'आर्स इलेक्ट्रॉनिका'च्या महोत्सवात गेली तेव्हा तिथली माध्यमकलेवर संशोधन करणारी लुडविग बोल्ट्समान संस्था आणि नॉटिंगहॅम, एक्झेटर इथले अभ्यासक यांनी तिचे दस्तऐवजीकरण केले. काही स्वारांच्या फेऱ्यांचे चित्रीकरण झाले, त्यांचे मार्ग नोंदले गेले, परत आल्यावर मुलाखती घेतल्या गेल्या. या सगळ्यातून एक संग्रह उभा राहिला. 'रायडर्स हॅव स्पोकन' हे त्या प्रकल्पाचे नाव. साध्या भूतकाळाचे पूर्ण वर्तमानकाळात रूपांतर, व्याकरणाच्या पुस्तकातल्यासारखे. फेरी पडद्यावर पुन्हा चालवून बघता येईल, तिच्यावर टिपा जोडता येतील, असे साधनही त्यांनी घडवले.

मला हे काम आवश्यक वाटते आणि ते करणाऱ्यांविषयी आदरच आहे. ते नसते तर मला हा लेख लिहिता आला नसता. तरी एक खडा राहतोच. ज्याने अंधारात वडिलांविषयी सांगितले, त्याने ते कुणाला सांगितले होते? जो सायकलवरून इथे येईल, ही जागा शोधून काढील, इथे पाय टेकवून उभा राहील, त्याला. तेवढे कष्ट हे ऐकण्याचे तिकीट होते. संग्रहात ते तिकीट लागत नाही. संग्रहकर्त्यांना ही अडचण माहीत होती, म्हणूनच त्यांनी नुसते आवाज साठवण्यावर न थांबता फेरी, रस्ता, थांबणे, परतणे हे सगळे पकडायचा प्रयत्न केला. पण चित्रफितीत दिसतो तो सायकलवरून जाणाऱ्या माणसाचा पाठमोरा आकार. मला ती पाठ ओळखीची वाटते, आणि त्या पाठीपलीकडचे बोलणे कॅमेऱ्यात येत नाही हेही मला माहीत आहे.

आणि जागा? समजा, बार्बिकनच्या २००७ च्या सगळ्या ध्वनिफिती आज कुणी काढल्या, ते जुने एन८०० दुरुस्त केले, हँडलवर बसवले आणि त्याच रस्त्यांवरून सायकल नेली. काही होणार नाही. फितीला जागा माहीत आहे ती त्या वर्षीच्या राउटरांच्या नावांनी. ते राउटर दुकानदारांनी केव्हाच बदलले, भाडेकरू घरे सोडून गेले, कंपन्यांनी नवे डबे पाठवले आणि जुने भंगारात गेले. रस्ता तोच, भिंत तीच, खिडकीही कदाचित तीच. पण यंत्र त्या कोपऱ्यावर कान देईल आणि त्याला अनोळखी नावे ऐकू येतील. ते पडद्यावर पाकोळ्या उडवील. म्हणेल, ही जागा रिकामी आहे, इथे अजून कुणीच काही बोललेले नाही, तुम्ही लपू शकता.

भाषांतर छापायला द्यायची तारीख उलटून गेली आहे. नावाच्या ठिकाणी मी आधी 'स्वाराची तार' लिहिले होते. ते खोडले, कारण तार पत्त्यावर पोचते. 'आरा' लिहून पाहिले, ते बैलगाडीकडे गेले. तूर्त मूळ इंग्रजी नाव देवनागरीत तसेच ठेवले आहे आणि समासात पेन्सिलीने 'बोलला' एवढेच लिहून ठेवले आहे.